मँगनीज कार्बोनेट झिलईत नेमके काय करते?

कोबाल्ट घातला की झिलई निळी होते, क्रोम घातला की बहुधा हिरवी. मँगनीजबद्दल असा शब्द देता येत नाही. तेच द्रव्य एका झिलईत जांभळे उतरते, दुसरीत वांगी रंगाचे, तिसरीत गडद तपकिरी; लोह आणि कोबाल्टबरोबर ते काळे होते आणि तांब्याबरोबर जास्त प्रमाणात घेतले तर कांस्यासारखे चमकते. त्यात भर म्हणजे ते बाजारात दोन रूपांत मिळते. एक काळीकुळकुळीत, जड, बोटांना लागली की लवकर न निघणारी डायऑक्साइडची पूड. दुसरी बदामी-गुलाबी छटेची, मैद्यासारखी मऊ कार्बोनेटची पूड. झिलईकाम करणाऱ्यांत या दोहोंविषयी दोन समजुती चांगल्याच रुजल्या आहेत. तपकिरी-काळ्यासाठी डायऑक्साइड आणि जांभळ्या-गुलाबीसाठी कार्बोनेट, ही पहिली. कार्बोनेट दिसायला सौम्य, म्हणून वापरायलाही सौम्य, ही दुसरी. उपलब्ध पुरावा नीट मांडून पाहिला तर पहिली समजूत बरीचशी वजनाच्या हिशेबातल्या चुकीतून आलेली दिसते, आणि दुसरी तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. कार्बोनेटचा खरा गुण रंगात नाही. तो त्याच्या बारीकपणात आणि लवकर विरघळण्यात आहे. आणि याच गुणामुळे ते हाताळताना अधिक जपावे लागते.

आधी रंग कुठून येतो ते पाहू. भट्टी तापू लागली की कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, डायऑक्साइडमधून जादा ऑक्सिजन निघून जातो, आणि वितळलेल्या काचेत दोन्हीकडून पोचतो तो मँगनीजचा आयनच. काचेत तो मुख्यतः दोन अवस्थांत राहतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला मँगनीज जवळजवळ रंगहीन असतो. फार तर फिकट गुलाबी झाक दाखवतो. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला मँगनीज मात्र ठसठशीत जांभळा असतो, आणि त्याचा लहानसा अंशही सगळी झिलई रंगवायला पुरतो. म्हणजे जांभळा हवा असेल तर ही दुसरी अवस्था टिकून राहील अशी परिस्थिती झिलईत आणि भट्टीत असावी लागते. झिलईत सोडियम आणि पोटॅशियम भरपूर हवे, अ‍ॅल्युमिना कमी हवे, भट्टीत ऑक्सिजन खेळता हवा आणि तापमान फार चढता कामा नये. तापमान जसे वाढते तसा मँगनीज ऑक्सिजन सोडून रंगहीन अवस्थेकडे जातो. भट्टीत हवा कोंडून रिडक्शन केले तर तेच आणखी वेगाने होते. अ‍ॅल्युमिना आणि चुना जास्त असलेल्या, १२५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेल्या स्टोनवेअरच्या झिलईत मँगनीज तपकिरीकडे झुकतो, तो म्हणूनच. तिथे डायऑक्साइडच्या जागी कार्बोनेट घेऊन जांभळ्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. बदलायची असते ती झिलई.

इतिहासही हेच सांगतो. इजिप्तच्या अठराव्या राजवंशाच्या काळात फायन्सच्या वस्तूंवर मँगनीजचा जांभळा आणि काळा वापरला जात होता. दहाव्या शतकात कोर्दोबाजवळच्या मदिनात अल्-झहरात पांढऱ्या झिलईवर तांब्याचा हिरवा आणि मँगनीजचा तपकिरी-जांभळा अशी रंगजोडी रूढ झाली, आणि पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत तेरुएल आणि पातेर्ना या स्पॅनिश गावांनी ती नावारूपाला आणली. मिंग काळातल्या चिनी फाहुआ भांड्यांवरची वांगी झिलई मँगनीजचीच आहे. अठराव्या शतकात डेल्फ्ट आणि ब्रिस्टलच्या कारागिरांनी कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर मँगनीजची पूड शिंपडून जांभळी जमीन तयार केली. या बहुतेक कारागिरांकडे होते ते खाणीतून आलेले, दळलेले काळे डायऑक्साइडयुक्त खनिज. रासायनिक कारखान्यात अवक्षेपित केलेले आजचे शुद्ध कार्बोनेट त्यांच्यापुढे नव्हते, तरी जांभळ्याचे त्यांचे काही अडले नाही. त्याच काळ्या खनिजाने यॉर्कशरमधल्या रॉकिंगहॅमच्या शिसेयुक्त झिलईला दाट तपकिरी रंग दिला, आणि जोसाया वेजवुडने १७६८ मध्ये बाजारात आणलेल्या ब्लॅक बसॉल्ट या काळ्या मातीत लोहाच्या जोडीने काम केले. खनिज एकच, परिस्थिती वेगळी, म्हणून रंग वेगळे.

यावर अनुभवी कारागीर हरकत घेतील आणि ती रास्त आहे. ते म्हणतील, आम्ही एकाच झिलईत दोन्ही घालून पाहिले आहे, कार्बोनेटचा रंग खरोखरच जास्त कोवळा आणि गुलाबीकडे झुकणारा येतो. हे निरीक्षण खोटे नाही. त्याचे कारण वेगळे आहे. डायऑक्साइडच्या १०० ग्रॅममधून झिलईला सुमारे ८१.६ ग्रॅम मँगनीज मोनॉक्साइड मिळतो. कार्बोनेटच्या १०० ग्रॅममधून मिळतो फक्त ६१.७ ग्रॅम, कारण उरलेले ३८ टक्क्यांहून अधिक वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. कृतीतल्या डायऑक्साइडच्या जागी तेवढ्याच वजनाचे कार्बोनेट घातले तर झिलईत मँगनीज सुमारे एक चतुर्थांश कमी पडतो. रंग कोवळा दिसतो तो या तुटीमुळे. बरोबरीची तुलना करायची तर डायऑक्साइडच्या वजनाला १.३२ ने गुणावे लागते. हजार ग्रॅम कोरड्या झिलईत चार टक्के, म्हणजे ४० ग्रॅम डायऑक्साइड असेल, तर त्याच्या जागी सुमारे ५३ ग्रॅम कार्बोनेट घ्यायला हवे. दुसरे कारण कणांच्या आकाराचे आहे. डायऑक्साइड बहुधा भरड असते. त्याचे मोठे कण झिलईत पूर्ण विरघळत नाहीत, ठिकठिकाणी गडद ठिपके ठेवतात, आणि डोळ्याला एकूण रंग मळकट वाटतो. डायऑक्साइड बॉल मिलमध्ये ओले दळून बारीक चाळणीतून गाळले आणि वजनाचा हिशेब बरोबर ठेवला, तर दोन तुकड्यांमधला फरक फार थोडा उरतो. जो उरतो तो बहुतेक वेळा खनिजातल्या लोहाचा असतो. त्यामुळे ‘कार्बोनेटचा रंग’ म्हणून वेगळा रंग मानायला मी तयार नाही.

फुगे आणि फोड यांचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. इथे कार्बोनेटच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडून घाईघाईने बोलले जाते. विरोधक म्हणतात, वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वायू होऊन जाणार असेल तर झिलईला फोड येणारच. पण हा कार्बन डायऑक्साइड झिलई वितळण्याच्या बऱ्याच आधी, पावडर अजून सच्छिद्र असताना, वाट काढून निघून जातो. समर्थक म्हणतात, डायऑक्साइड ऑक्सिजन सोडते, कार्बोनेट सोडत नाही, म्हणून कार्बोनेट निर्धोक. हेही पुरते बरोबर नाही. डायऑक्साइड आपला बहुतेक जादा ऑक्सिजन सुमारे ५३५ अंशांनाच सोडते, म्हणजे तोही झिलई वितळण्याआधीच. त्रास होतो तो दुसऱ्या टप्प्यावर. हजार अंशांच्या पुढे, साधारण १०८० अंशांच्या आसपास, मँगनीजचा ऑक्साइड आणखी थोडा ऑक्सिजन सोडतो, आणि तोवर कमी तापमानाची झिलई वितळून वरचे छिद्र बंद झालेले असते. आता कार्बोनेट हवेत तापवले की कार्बन डायऑक्साइड गमावताना ते हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्याच ऑक्साइडपर्यंत पोचते. म्हणून हा दुसरा टप्पा दोघांनाही सारखाच चुकत नाही. मग व्यवहारात कार्बोनेटच्या झिलईला फोड कमी का दिसतात? याचे पटणारे उत्तर पुन्हा बारीकपणात आहे. बारीक कण काचेत लवकर आणि सगळीकडे सारखे विरघळतात, त्यांचा वायू हळूहळू निसटतो. भरड कण मात्र तो साठवून ठेवतात आणि उशिरा एकाच जागी सोडतात. यावरून एक व्यवहार्य गोष्ट हाती येते. फोड टाळायचे असतील तर द्रव्य बदलण्याआधी ते दळून बारीक करावे, आणि हजार अंशांपासून वर जाताना भट्टी सावकाश चढवावी. मातीच्या पिंडात घातलेल्या मँगनीजला तर हे जास्तच लागू पडते. तिथे तो जोरदार द्रावक म्हणूनही काम करतो, आणि मँगनीज भरपूर असलेल्या काळ्या माती स्टोनवेअरच्या तापमानाला नेल्या की फुगतात आणि बसतात.

हे सगळे वजा केल्यावर कार्बोनेटसाठी उरते ते क्षेत्र लहान असले तरी महत्त्वाचे आहे. पातळ हाताने लावायचा रंग, एकसंध हलकी छटा, ब्रशने काढलेली रेषा जिच्यात एकही ठिपका दिसायला नको, अशा कामांत ते निःसंशय सरस आहे. दोन ते सहा टक्क्यांच्या दरम्यान, सोडा आणि बोरॉनच्या फ्रिटवर (वितळवून दळलेल्या काचेवर) आधारलेल्या आणि हवेशीर भट्टीत ११०० अंशांच्या आत भाजलेल्या झिलईत ते स्वच्छ जांभळा देते. चिमूटभर कोबाल्टने तोच निळसर होतो. मात्र अशा झिलईची किंमत मोजावी लागते. सोडियम-पोटॅशियमने भरलेली काच थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसते आणि तिच्यावर बारीक तडे जातात. आपल्या देशात या अडचणीवर जुने उत्तर जयपूरच्या निळ्या भांड्यांनी दिले आहे. त्यांचा पिंड मुख्यतः क्वार्ट्झ आणि काचेच्या पुडीचा असतो, साध्या कुंभारी मातीचा नसतो, म्हणून क्षारयुक्त झिलई त्यावर नीट बसते. मँगनीजच्या जांभळ्याचा गंभीरपणे पाठपुरावा करू पाहणाऱ्याने टेराकोटावर हट्ट धरण्यापेक्षा असा पिंड हाताशी घ्यावा. कार्बोनेटचा आणखी एक पक्का उपयोग आहे तो गुलाबी स्टेनमध्ये. मँगनीज आणि अ‍ॅल्युमिना एकत्र उच्च तापमानाला भाजून केलेला हा स्टेन अ‍ॅल्युमिना भरपूर आणि जस्त नसलेल्या झिलईत शांत, टिकाऊ गुलाबी देतो. इथे मँगनीज काचेत विरघळून रंग देत नाही, अ‍ॅल्युमिनाच्या स्फटिकात बसून देतो, आणि म्हणूनच जांभळ्याला मारक ठरणारे अ‍ॅल्युमिना या गुलाबीला तारक ठरते. याउलट ठिपकेदार स्टोनवेअर हवे असेल तर कार्बोनेटचा काही उपयोग नाही. तिथे भरड दाण्यांचे डायऑक्साइडच हवे.

आता दुसऱ्या समजुतीकडे वळतो, कारण तिच्यात माणसांची प्रकृती पणाला लागते. मँगनीजच्या विषबाधेची पहिली नोंद १८३७ ची आहे. ग्लासगोजवळ विरंजक चूर्णाच्या कारखान्यात मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांना चालणे अवघड झाले होते, बोलणे क्षीण झाले होते. कूपर या डॉक्टरने ते लिहून ठेवले. नंतर खाणकामगार, बॅटरी कारखान्यांतले आणि वेल्डिंग करणारे कामगार यांच्यातही हेच चित्र दिसले. निर्विकार चेहरा, ताठर हातपाय, बदललेली चाल, आणि कधी त्याआधी येणारे मानसिक बदल. पार्किन्सनशी याचे साम्य आहे, पण पार्किन्सनवर गुण देणारे लेव्होडोपा इथे सहसा फारसे कामी येत नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत मँगनीजची विषबाधा सूचनायोग्य रोग म्हणून नमूद करण्यात आली होती. कामाच्या जागेतील हवेसाठी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये फुप्फुसाच्या खोलवर जाणाऱ्या धुळीची मर्यादा घनमीटरला ०.०२ मिलिग्रॅम मँगनीजवर आणली. या आकड्याचा अर्थ लहान खोलीत लावून पाहावा. दहा फूट बाय दहा फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे २५ घनमीटर हवा असते. तिच्यात बारीक कार्बोनेट जेमतेम एक मिलिग्रॅम तरंगत राहिले तरी ही मर्यादा गाठली जाते. ही मर्यादा दिवसभराच्या सरासरीची आहे, हे खरे. पण पिशवी उघडून काट्यावर पूड ओतताना, वाळलेली झिलई घासताना आणि सर्वांत जास्त म्हणजे फवाऱ्याने झिलई मारताना एका मिलिग्रॅमच्या कितीतरी पट धूळ उडते.

कार्बोनेट इथे दोन कारणांनी अधिक जोखमीचे आहे. एक, ते बारीक आहे, म्हणून हवेत जास्त वेळ राहते आणि खोल जाते. दोन, ते सौम्य आम्लातही विरघळते. जठररसात तर सहजच. डायऑक्साइड सौम्य आम्लाला फारशी दाद देत नाही. म्हणजे ज्या पुडीला आपण तिच्या फिकट रंगामुळे निरुपद्रवी मानतो, ती शरीराला अधिक सहज उपलब्ध होण्याजोगी आहे. यावर दोन आक्षेप नेहमी येतात. मँगनीज हे आवश्यक पोषकद्रव्य आहे, चहात आणि धान्यात ते असतेच, मग भीती कसली, हा पहिला. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन मिलिग्रॅम मँगनीज लागते हे खरे आहे. पण पोटातून येणाऱ्या मँगनीजवर आतड्याचे आणि यकृताचे नियंत्रण असते. नको तेवढे पित्तावाटे बाहेर टाकले जाते. श्वासातून आलेले मँगनीज ही चौकी टाळून रक्तात पोचते आणि मेंदूत साचू शकते. दुसरा आक्षेप असा, की लूसी रीसारख्या थोर कलावतीने आयुष्यभर मँगनीज हाताळले आणि ती १९९५ मध्ये ९३ व्या वर्षी वारली. तिच्या वाडग्यांच्या काठावर ओघळणारा सोनेरी-कांस्य रंग मँगनीज आणि तांब्याचाच आहे, आणि त्याचे सौंदर्य वादातीत आहे. पण एका दीर्घायुषी व्यक्तीवरून धोका नाही असे ठरवता येत नाही. असा हिशेब मांडायला, ज्यांचे हात कापू लागले आणि ज्यांनी चाक सोडले, त्या अनामिक कारागिरांनाही मोजावे लागेल.

कांस्य झिलयांचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण तिथे मँगनीज दोन-चार टक्के नसते, दहा टक्क्यांच्या बऱ्याच पुढे असते. एवढे मँगनीज काचेत सामावत नाही. थंड होताना ते पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसते, आणि धातूसारखी चमक त्यामुळेच येते. काचेने न झाकलेले हे थर आम्लात उतरतात. लिंबू, चिंच, कोकम, ताक, लोणचे हे आपल्या स्वयंपाकघरात रोजचे आहे, म्हणून आपल्या वाचकांनी हे जास्तच लक्षात ठेवावे. भांड्यात रात्रभर व्हिनेगर ठेवून सकाळी झिलईचा रंग किंवा चमक बदलली असेल तर ते भांडे जेवणाच्या टेबलावर नको, हे निश्चित. रंग बदलला नाही म्हणून मात्र ते सुरक्षित ठरत नाही. त्यासाठी चार टक्के अ‍ॅसेटिक आम्लात २४ तास ठेवून प्रयोगशाळेत द्राव तपासावा लागतो. सिरॅमिक भांड्यांचे नियम मुख्यतः शिसे आणि कॅडमियमसाठी लिहिलेले आहेत, म्हणून आलेला आकडा पिण्याच्या पाण्याच्या मापाने पाहणे हाच समजूतदारपणा आहे. भारतीय मानकानुसार पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा पर्याय नसल्यास ०.३ पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांचा विचार करून ०.०८ हे तात्पुरते मार्गदर्शक मूल्य दिले. याउलट नीट वितळलेल्या, चकचकीत, अ‍ॅल्युमिना आणि सिलिका पुरेसे असलेल्या झिलईत तीन-चार टक्के मँगनीज पक्का बांधला जातो. तिला कांस्य झिलईच्या रांगेत बसवणे अन्याय होईल. पण क्षारयुक्त, मऊ जांभळी झिलई या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. ती फुलदाणीवर, टाइलवर, ताटाच्या बाहेरच्या अंगाला शोभते, आमटीच्या वाडग्यात आतून नको.

भट्टीच्या धुराबद्दल प्रमाण सांभाळून बोलायला हवे. मँगनीजचे ऑक्साइड शिशाइतके सहज उडत नाहीत, म्हणून दोन टक्क्यांच्या झिलईसाठी कारागिराचा खरा शत्रू भट्टी नसून रोजची धूळ आहे. पण कांस्य झिलई किंवा मँगनीजने काळी केलेली माती बंद गाळ्यातल्या विजेच्या भट्टीत भाजणे हा निष्काळजीपणा आहे, आणि मिठाच्या भट्टीत तो अधिकच, कारण तिथे तयार होणारे क्लोराइड सहज उडते. भट्टीच्या झाकणाला जोडलेली, बाहेर सोडणारी हवेची नळी महाग नाही, आणि भट्टी चालू असताना त्या खोलीत बसायची गरजही नाही.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा नाही. नागपूर, भंडारा आणि पलीकडच्या बालाघाटचा पट्टा हा देशातल्या मँगनीजचा मोठा साठा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खाणी चालतात; लुइस ली फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज खनिजांवर ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिले. नागपुरात मुख्यालय असलेली मॉइल ही देशातली सर्वांत मोठी मँगनीज उत्पादक कंपनी आहे, आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतले डायऑक्साइड खनिज बॅटरी उद्योगात जाते. ज्या प्रदेशात हे खनिज पायाखाली आहे, तिथल्या कला महाविद्यालयांत आणि सिरॅमिकच्या वर्गांत त्याचा रंग आणि त्याचा धोका दोन्ही सारख्याच बारकाईने शिकवले जायला हवेत. झिलई शिकवणाऱ्यांनी १.३२ हा गुणक पहिल्याच तासाला सांगावा, मँगनीजची पूड ओली करूनच हाताळायची सवय लावावी, फवाऱ्याची परवानगी चांगला मास्क आणि बाहेर हवा ओढणारा कक्ष असल्याशिवाय देऊ नये, आणि झाडूऐवजी ओले फडके ठेवावे. आणि रंगद्रव्ये विकणाऱ्यांनी कार्बोनेटच्या प्रत्येक लहान पाकिटावर, ते पन्नास ग्रॅमचे असले तरी, श्वासात घेऊ नये असे मराठीत ठळकपणे छापावे.